मंगळवारचा रूल

नितीनने मला फसवलं.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. सकाळपासून ऑफिसच्या ग्रुपवर त्याचे फोटो, हात जोडलेले इमोजी, "देवमाणूस" वगैरे चाललंय. चालू द्या. देवमाणूस होता की नाही मला माहीत नाही. माझ्याशी तो खोटं बोलला, एवढं पक्कं माहीत आहे.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही दोघं एका दूध संघाच्या आयटीत. गावोगावच्या डेअरीवर सकाळ-संध्याकाळ दूध मोजतात, दुधाची फॅट तपासतात, ते सगळं आमच्या सर्व्हरवर येतं. सर्व्हर बसला की तिकडे माणसं कॅन घेऊन ताटकळतात आणि इकडे आम्हाला शिव्या पडतात.

म्हणून पॉलिसी. म्हणजे साधे नियम. सर्व्हिस बंद पडली तर मशीनने आपणहून रिस्टार्ट करायची. नाहीच झाली तर कोणाच्या मोबाईलवर अलर्ट जायचा, त्याने नाही बघितला तर पुढे कोणाला. हे सगळे रूल आम्ही दोघं सांभाळायचो.

मी नवीन होते तेव्हा डिस्क भरल्याचा अलर्ट सारखा वाजायचा. वैतागून मी तो म्यूट करून टाकला. नितीन खुर्ची ओढून शेजारी बसला.

"अलर्ट दाबला म्हंजी बिघाड गेला का? आपल्याला दिसायचा बंद झाला फक्त. लई डेंजर काम हाय हे, बाई."

तो शेवगावकडचा. इथे शहरात, केडगावात फ्लॅट घेतला तरी बोली काही बदलली नाही, आणि बदलायची त्याला हौसही नव्हती.

अजून एक त्याचाच नियम. रूल एकाने लिहायचा, दुसऱ्याने तपासून चालू करायचा. आपला रूल आपणच चालू करायचा नाही म्हणजे नाही. यावरून आम्ही दोघं साहेबांशीसुद्धा भांडलोय.

आणि एका मंगळवारी त्याचे सगळे अलर्ट माझ्या मोबाईलवर यायला लागले.

बघते तर काय, नवा रूल. मंगळवारी नितीनला काही जाणार नाही, सगळं वैशालीला, म्हणजे मला. लिहिला त्यानेच, चालू केला त्यानेच.

दुसऱ्या दिवशी गाठलाच त्याला.

"हे काय आहे?"

"वावरात काम हाय मंगळवारचं. बघ की जरा."

"मला विचारलंस?"

"तुला काय इचारायचं? तू तर घरचीच."

माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "नितीन, तू कामचुकार झालायस."

अख्खं डिपार्टमेंट एकदम आपापल्या स्क्रीनकडे बघायला लागलं. मला वाटलं, सगळ्यांना पटलंय.

तो हसला. "व्हय, झालोय खरा."

बारीक झाला होता. म्हणाला, शुगर निघाली, भात बंद केलाय. टोपी घालायला लागला. मी विचारलं, "काय पुढारी, इलेक्शनला उभे राहताय का?" त्यावरही हसला.

काही आठवड्यांनी मी तो रूल गुपचूप बंद करून टाकला. म्हटलं, कळू दे जरा. मंगळवारी संध्याकाळी ऐन कलेक्शनच्या वेळेला सर्व्हर हँग झाला, अलर्ट गेला त्याला, आणि थोड्या वेळात सगळं सुरळीत. त्याने मोबाईलवरून रिस्टार्ट दिला होता.

घरी सावेडीला गाडी चालवत येताना मी खूश होते. बघा, वावरातून जमतं की नाही!

तो वावरात नव्हता. पुण्यात हॉस्पिटलमध्ये होता. केमो चालू होती.

हे मला तो गेल्यावर कळलं. त्याच्या घरी भेटायला गेले तेव्हा वहिनींनी सांगितलं.

"एका हाताला सलाईन हुती, दुसऱ्या हातात मोबाईल. मी म्हनलं, अहो, त्या ताईंना सांगा ना खरं काय ते. तर म्हनले, न्हाई. समदे आता माझ्याशी हळू आवाजात बोलत्यात. ती एकटीच नीट भांडती. तिला कळू देऊ नका."

साहेबांना माहीत होतं. शेजारच्या टेबलवरच्या प्रियाला माहीत होतं. चहा देणाऱ्या मामांना माहीत होतं. त्याने सगळ्यांना शपथ घातली होती आणि सगळ्यांनी ती पाळली. वा रे वा!

वहिनींना वाटलं, हे ऐकून मला बरं वाटेल. रडत रडत सांगत होत्या. मी त्यांचा हात धरला. त्यांना काय बोलणार?

तुला बोलते, नितीन.

तुला भांडायला माणूस पाहिजे होतं, म्हणून मला अंधारात ठेवलंस. तुझं भागलं. माझं काय? आजारी माणसाला मी चारचौघांत कामचुकार म्हणाले. सलाईन चालू असताना तुला कामाला लावलं. बाकीचे सगळे ते बघत बसले. आणि मी एकटीच त्यात मूर्ख.

लोक म्हणतात, केवढा जीव होता त्याचा तुझ्यावर. असेल. मग एवढा जीव होता तर मला एकदा तरी विचारायचं होतंस, की बाई, तुला चालेल का?

आणि तुला वाटलं तरी कसं की कळल्यावर मी बदलेन? हळू आवाजात बोलायला मला कधी जमलंय का रे? भांडलेच असते. फक्त पुण्याला येऊन भांडले असते. वहिनींना दोन घास खायला खाली पाठवलं असतं, तुझ्या कॉटशेजारी बसले असते, तुझा मोबाईल काढून घेतला असता आणि चांगला आवाज चढवून भांडले असते.

तेवढं तू मला करू दिलं नाहीस.

भावपूर्ण वगैरे आज जमणार नाही.

रागासकट श्रद्धांजली, नितीन.