सुधारणा झाली का?

संस्थांचं मूल्यमापन हा माझा धंदा. म्हणजे जे लोक काम करतात त्यांच्याकडे जायचं, तुम्ही खरंच काम करता का असं त्यांना विचारायचं, आणि त्याचं उत्तर गुळगुळीत कागदावर छापून देणगीदाराच्या हातात द्यायचं. आम्ही मुंबई सोडून मीरा रोडला राहायला आलो, तेव्हा मी अशाच एका सल्लागार कंपनीत लागले. कंपनीचे मालक परदेशात शिकून आले होते. त्यांना आम्ही ‘सर’ म्हणायचो. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाला पाण्याचा पेला नेऊन दिला असेल असं मला वाटत नाही, पण सेवा कशी करावी यावर ते दोन-दोन तास बोलत.

एकदा काम आलं ते माझ्याच भागातलं. हाटकेशला, स्टीलच्या डब्यांना पॉलिश करणाऱ्या कारखान्याला लागून असलेल्या गाळ्यात, एक निवृत्त नर्स संस्था चालवायच्या. त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. सोबत सहा बायका. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं, अंग पुसायचं, चादर बदलायची, नखं कापायची, कूस बदलून द्यायची आणि हे सगळं घरच्यांना शिकवायचं, एवढंच त्यांचं काम. एका मोठ्या कंपनीची देणगी त्यांना मिळत होती. ती पुढे चालू ठेवायची की नाही, हे आमच्या अहवालावरून ठरणार होतं.

आधी सरांनी घोडबंदर रोडवरच्या एका हॉटेलात कार्यशाळा घेतली. एसी इतका गार की सिस्टरांच्या बायका पदर गळ्याभोवती गुंडाळून बसल्या होत्या. कुणाच्या कामातून बदल कसा घडतो ते मांडायला सरांनी भिंतीवर पिवळ्या-गुलाबी चिठ्ठ्या चिकटवल्या आणि विचारलं, “सिस्टर, आप की थिअरी ऑफ चेंज क्या है?”

सिस्टर थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, “चेंज? चादर हम रोज चेंज करते हैं.”

सर हसले. त्यांच्याबरोबर आलेले दोन पोरसवदा तज्ज्ञही हसले. मीही हसले, हे सांगायला हवं. सिस्टर हसल्या नाहीत, कारण त्यांनी विनोद केलाच नव्हता.

मग प्रश्नावली तयार झाली. ती मीच मराठीत आणली. ‘मागील वर्षाच्या तुलनेत तुमच्या स्थितीत सुधारणा झाली का? एक ते पाच गुण द्या.’ ‘भविष्याबद्दल तुम्हाला किती आशा वाटते?’ हे प्रश्न ज्यांना स्वतःहून कुशीवर वळता येत नाही अशा माणसांना विचारायचे होते. लिहिताना मला लाज वाटली नाही. मी फक्त टाइप केलं.

पहिल्या फेरीला मी सिस्टरांबरोबर घोडबंदर रोडवरच्या चेण्याला गेले. पूर्वी भातशेती असलेल्या एका घरातली आजी पडवीत खाटेवर होती. मी फॉर्म वाचून दाखवला.

“आता काय सुधारायचा हाय, बाय?” ती म्हणाली. “पाठीला जखम न्हाय, येवढा लिव.”

फॉर्ममध्ये पाठीसाठी जागा नव्हती. मी तीन गुण दिले. कुणी नीट उत्तर दिलं नाही तर तीन द्यायचे, अशी आम्हाला सूचना होती.

तिथून आम्ही नया नगरात गेलो. चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. जिना चढून सिस्टर धापा टाकत आत शिरल्या आणि लगेच खाली वाकल्या. “अम्मी, करवट लेते हैं, हं? एक, दो...” अम्मींनी डोळे मिटले आणि सिस्टरांच्या दंडाला धरून वळल्या. त्यांची सून तेवढ्यात पाणी गरम करून घेऊन आली. खोलीत साबणाचा वास होता. म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलेलं असलं की त्या घरात कसला वास असतो, ते मला ठाऊक होतं. इथे तो नव्हता. तेही फॉर्ममध्ये कुठेच बसत नव्हतं.

वर्षभराने दुसरी फेरी झाली. तोवर पहिल्या यादीतली नऊ माणसं वारली होती. नया नगरच्या अम्मीही. ऑफिसात सगळी माहिती कॉम्प्युटरमध्ये भरली, तेव्हा या नऊ जणांच्या नावांपुढे शब्द आला, ‘ड्रॉपआउट’.

मी सरांना म्हटलं, “सर, ये लोग मर गए हैं.”

“हां, बट टेक्निकली दे हॅव लेफ्ट द प्रोग्रॅम,” सर लॅपटॉपवरून नजर न काढता म्हणाले.

मी एक पान लिहून दिलं. त्यात एवढंच होतं, की सतत पडून राहूनही एकाही माणसाच्या पाठीला जखम झालेली आम्हाला दिसली नाही, आणि जे गेले ते स्वच्छ अंथरुणात गेले. सरांनी ते आधी परिशिष्टात ढकललं. मग अहवाल लांबला म्हणून परिशिष्टच काढून टाकलं. उरलेल्या अहवालात गळतीचं प्रमाण चिंताजनक आहे, लाभार्थ्यांत सुधारणा आढळत नाही, आणि संस्थेने तरुणांच्या मनःस्वास्थ्यासाठी मोबाइल ॲप काढण्याचा विचार करावा, असं छापलं होतं. मुखपृष्ठावर सिस्टरांचाच फोटो. सुंदर आला होता.

तो अहवाल सिस्टरांना नेऊन द्यायचं काम माझ्यावर आलं. जे तोंडाने सांगायची हिंमत नसते, ते माझ्यासारख्या माणसांकडून पोहोचवतात.

सिस्टरांनी चष्मा लावून सगळी पानं वाचली. बाजूच्या कारखान्यातलं मशीन घरघरत होतं. मग एका पानावर बोट ठेवून म्हणाल्या, “हे ड्रॉपआउट कोण?”

मी सांगितलं.

टेबलावरचं पेन घेऊन त्यांनी तो शब्द खोडला, वर ‘वारले’ असं लिहिलं आणि अहवाल माझ्याकडे सरकवला.

“सही करा,” त्या म्हणाल्या.

“सिस्टर, माझ्या सहीला काय अर्थ आहे?”

“अर्थ असता तर मी तुमच्याकडे मागितली असती का? तुम्ही आलात ना त्या घरांत. बघितलंत ना. मग करा.”

मी सही केली. त्या पानाचा फोटो काढून मी देणगीदार कंपनीला परस्पर पाठवला. माझ्या आयुष्यातलं हे एवढंच शौर्य. चार दिवसांनी उत्तर आलं. ‘मौल्यवान अभिप्रायाबद्दल आभार.’ सरांनी मला केबिनमध्ये बोलावून विश्वासार्हता या विषयावर व्याख्यान दिलं. मृत माणसांना शाळा सोडलेल्या पोरांच्या रांगेत बसवणारा माणूस माझ्याशी विश्वासार्हतेबद्दल बोलत होता, आणि मी मान खाली घालून ऐकत होते. घराचा हप्ता होता. दुसरी नोकरी मिळेपर्यंत मी तिथेच राहिले.

देणगी बंद झाली. सिस्टरांनी गाळा सोडला. सहातल्या दोघी बायका राहिल्या, बाकीच्यांनी घरकामं धरली. चेण्याला जाणं परवडेना, म्हणून सिस्टरांनी तिथल्या आजीच्या मुलीला आठवडाभर बसून सगळं शिकवलं आणि तिचा निरोप घेतला. आता त्या फक्त पायी जाता येईल अशाच घरांत जातात. कधी तरी भाजीवाल्याकडे भेटतात. माझ्याशी नीट बोलतात, घरच्यांची चौकशी करतात. तेच मला जास्त लागतं.

त्या देणगीच्या पैशातून दुसऱ्याच कुणी मोबाइल ॲप काढलं म्हणे. वापरणारं कुणी मला अजून भेटलेलं नाही.

मी आजही हेच काम करते, दुसऱ्या ऑफिसात. लोक तसेच आहेत, चिठ्ठ्यांचे रंग तेवढे बदललेत. गेल्या वर्षी तिथल्या प्रश्नावलीत मी सर्वांत वर एक प्रश्न घालायला लावला. ‘व्यक्ती हयात आहे का?’ तो मंजूर व्हायला तीन मीटिंगा लागल्या. एका शहाण्याने विचारलं, याने नेमकं काय साध्य होईल?