विचारून लावलेला हात

पवनीच्या बाजारात माझ्या थोरल्या बहिणीचं बांगड्यांचं दुकान होतं. कोणाच्याही हातात बांगडी चढवण्याआधी ताई म्हणायची, "दुखलं तं सांगजो, मी थांबीन." पुढं तिला स्तनाचा कॅन्सर झाला. नागपूरला ऑपरेशन झालं आणि त्यानंतर तिचा डावा हात खांद्याच्या वर जाईना. वरच्या फळीवरचे डबे गिऱ्हाइकालाच काढावे लागत.

डॉक्टरांनी हळूहळू व्यायाम करायला सांगितला, म्हणून ती समाजमंदिरातल्या सकाळच्या योगवर्गाला जाऊ लागली. एक निवृत्त मास्तर तिथं शिकवायचे. गावात त्यांना मान होता. ताई मागच्या रांगेत, भिंतीला धरून बसायची. ब्लाऊजमध्ये काढलेल्या स्तनाच्या जागी आतून तिनं कापसाची गादी टाचलेली असायची, कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून.

एक दिवस हात वर करायच्या आसनात मास्तर मागून आले आणि त्यांनी तिचा डावा हात धरला. ती म्हणाली, "नको सर." ते म्हणाले, "भिऊ नका, मी आहे न." एक हात बरगडीवर दाबून त्यांनी तिचा हात वर ओढला. गादीचे टाके उसवले आणि ती सरकून खाली आली. शेजारच्या बायकांनी पाहिलं आणि माना वळवल्या.

ताई घरी आली ती दोन्ही हातांनी पदर छातीशी धरून. मला हे सगळं तिनं संध्याकाळी सांगितलं, तेही भांडी घासता घासता, माझ्याकडं न बघता.

मी मास्तरांकडं गेले. त्यांनी चहा ठेवायला सांगितला. सगळं ऐकून म्हणाले, "माझा हात बापाचा हात आहे. तिले कायचा संकोच?"

"बापालेही नको म्हणता येते न सर?"

त्यांनी चहाचा कप माझ्याकडं सरकवला. मग म्हणाले, "लोक पहिले नको म्हणतेतच. मंग बरं वाटते त्यायले."

चहा न घेता मी उठले. वर्ग चालूच राहिला. ताई काहून येत नाही, असं बायका विचारायच्या. ती सांगायची, "दुकान पाहा लागते." खरं तर आता ती दुकानातही कमीच बसायची. हात अजून आखडत चालला होता.

शेवटी मी एका तरुण मुलीला घरी बोलावलं. कारध्याची मुलगी, लग्न होऊन पवनीला आलेली. घरोघरी जाऊन बायकांना योग शिकवायची. ती चटईच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि म्हणाली, "काकू, खांद्याले हात लावू का? नाही म्हटलं तरी चालते. मी दुरून दाखवीन."

"नको," ताई म्हणाली.

"बरं," म्हणून त्या मुलीनं स्वतःचा हात उचलून दाखवायला सुरुवात केली.

ती गेल्यावर ताईनं मला विचारलं, "तिले राग तं नसन आला?"

"नाही."

"मंग ती काहीच काहून नाही बोलली?"

ती मुलगी रोज विचारायची आणि ताई रोज नको म्हणायची. तिच्या नकोवर कोणी नुसतं बरं म्हणावं, याची तिला सवयच नव्हती. डॉक्टर, नर्स, नातेवाईक, सगळ्यांनी आपापल्याला हवं तसं तिला वळवलं होतं. धान कापणीच्या दिवसांत एका सकाळी ताई आपणहून खांद्याकडं बोट दाखवून म्हणाली, "येथी हात ठेव. पाठीवर नको." मुलीनं तिथंच ठेवला. पुढं ताईचा हात कानापर्यंत जाऊ लागला. ज्या दिवशी तिनं स्वतःची वेणी घातली, त्या दिवशी ती आरशापुढं बसून खूप रडली.

उन्हाळ्यात दुखणं हाडांत उतरलं. मग योगही थांबला. ती खाटेवरच असायची आणि अंग पुसायचं काम माझ्याकडं आलं. मी विचारायची, "ताई, पाठ पुसू का?" ती डोळ्यांनीच हो म्हणायची. शेवटच्या आठवड्यात एकदा ती म्हणाली, "आज नको." मी कपडा पिळून बाजूला ठेवला आणि नुसती जवळ बसून राहिले. ती डोळे मिटून पडून राहिली. बादलीतलं पाणी निवून गेलं, तरी मी पुन्हा विचारलं नाही.