मास्तरांच्या मेहुण्यांचा उंदीर

माणसं एकमेकांना चेहऱ्यावरून ओळखतात, ही गोष्ट आमच्या मास्तरांच्या मेहुण्यांना कुणी कधी सांगितलीच नसावी. ते माणूस खोकल्यावरून ओळखत. बाजारात एखादा गृहस्थ समोर येऊन हात जोडून उभा राहिला, की ते गोंधळून त्याच्याकडे बघत राहत. तो बिचारा नाव सांगे, गाव सांगे, वॉर्डात कुठल्या खिडकीजवळ खाट होती तेही सांगे, पण यांच्या चेहऱ्यावर काही उमटत नसे. मग केव्हातरी त्याला सहज ठसका लागे आणि हे एकदम उजळून म्हणत, "अच्छा, आप हैं. बायां फेफडा." डावं फुप्फुस ओळखीचं निघालेलं असे, आणि भर रस्त्यात त्याला मिठी मारत.

ते चंदीगडच्या एका मोठ्या रुग्णालयात छातीचे डॉक्टर होते. मी तिथल्या विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकायला गेलो होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. चंदीगड नेमकं कुठं आहे हे मलाही नकाशात शोधावं लागलं होतं, तर वडिलांना काय सांगणार. गावच्या मास्तरांनी धीर दिला, "माझे मेहुणे आहेत तिथं. थोडे वेगळे आहेत, पण माणूस चांगला." गावात त्यांचा उल्लेख नेहमी 'मास्तरांचे मेहुणे' असाच व्हायचा, त्यामुळे माझ्या मनात तेच नाव कायम राहिलं. पहिल्या दिवशी सेक्टर पंधरातल्या त्यांच्या घराच्या दारात ट्रंक घेऊन मी 'डॉक्टरसाहेब' म्हणालो, तर ते म्हणाले, "साहेब दवाखान्यात. घरात काका म्हण. आणि जरा खोकून दाखव." मी घाबरत घाबरत खोकलो. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "ठीक आहे. मागची खोली तुझी." एवढ्यावर माझी राहण्याची सोय झाली. घरात ते एकटेच होते. लग्न केलं नव्हतं. का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही, पण शेजारच्या बीजी, म्हणजे तिकडच्या भाषेत आजीबाई, म्हणत की मुलगी बघायला गेले तेव्हाही यांनी तिच्या वडिलांची छाती ऐकण्यातच सगळा वेळ घालवला असणार.

स्टेथोस्कोप त्यांच्या गळ्यात कायम असे, आणि त्याचा उपयोग ते छातीपुरता ठेवत नसत. टरबूज त्यांनी कधी बोटाने वाजवून घेतलं नाही, नळी लावून ऐकून घेतलं. फळवाला सरदारही इतका सरावला होता की तो इतर गिऱ्हाइकांना "ए डाक्टर साब ने सुण के पास कीता ए" असं सांगून उरलेली टरबुजं खपवी. स्कूटर सुरू होईना तर ते तिच्यापुढे उकिडवे बसत, इंजिन ऐकत आणि "कफ साठलाय" म्हणून उठत. एका गोष्टीवर मात्र ते थट्टा चालवून घेत नसत. क्षयाचं औषध महिनोन्‌महिने घ्यावं लागतं, आणि बरेच रोगी जरा बरं वाटलं की मध्येच सोडून गावी पळतात. असा कुणी पळाला की मास्तरांचे मेहुणे रविवारी स्कूटर काढून त्याच्या मागे जात. मोहालीच्या पुढे एका ढाब्यावर एक ट्रक ड्रायव्हर त्यांना पाहून ताडपत्रीमागे लपला होता. हे बाजेवर बसून चहा प्यायले, आणि ताडपत्रीमागून खोकला येताच म्हणाले, "निकल आ, पुत्तर. दवाई लाया हूं." मी तेव्हा मागच्या सीटवर होतो. तो ड्रायव्हर लहान मुलासारखा मान खाली घालून बाहेर आला होता.

पंजाबात अतिरेक्यांचे हल्ले चालू होते ते दिवस; सगळं शहरच कान टवकारून जगत होतं. फट्‌ असा आवाज झाला की बोलणारा बोलायचा थांबे. लग्नातला फटाका होता की दुसरं काही, हे ठरेपर्यंत घास हातात राही. बाजारात शिरताना पिशवी उघडून दाखवावी लागे, आणि बेवारस वस्तूला हात लावू नका असं बसस्टँडच्या कर्ण्यावर दिवसभर सांगत. अशात एका सकाळी आमच्या फाटकाशी एक खोकं सापडलं. ट्रान्झिस्टरचं खोकं, आणि ट्रान्झिस्टरमधून बॉम्ब ठेवतात हे तेव्हा पोराटोरांनाही ठाऊक होतं. ते दिसल्याबरोबर गल्ली रिकामी झाली. बीजींनी नातवंडांना आत ओढलं, कुणीतरी पोलिसांना फोन केला, आणि मी गेलो तो थेट मागच्या खोलीत. थोड्या वेळाने पुढच्या खिडकीतून पाहतो तर मास्तरांचे मेहुणे पायजम्यावर, अनवाणी, खोक्याशी गुडघे टेकून बसलेले, आणि स्टेथोस्कोपचं टोक खोक्याला लावलेलं. बीजी भिंतीपलीकडून ओरडत होत्या. त्यांनी हात वर करून बीजींना गप्प केलं, नळी जरा सरकवली आणि म्हणाले, "श्वास चालू आहे. जरा जलद आहे."

आत एक पांढरा उंदीर होता. लाल डोळ्यांचा, प्रयोगशाळेत असतो तसला. कुण्या विद्यार्थ्याला प्रयोगानंतर त्याला मारवलं नसेल आणि हे डॉक्टर कुणाला टाकून देत नाहीत अशी ख्याती ऐकून त्याने इथे आणून ठेवला असेल, असा आम्ही अंदाज केला. खोक्यावरून त्याचं नाव रेडिओ पडलं. बीजी लांबूनच म्हणाल्या, "डाक्टर साब, लोकी तोता पालदे ने, तुसीं चूहा?" ते म्हणाले, "बीजी, पोपट ऐकलेलं बोलतो. हा काय बोलतो ते आपल्याला ऐकावं लागेल."

आणि त्यांनी खरंच ऐकायला सुरुवात केली. अडचण अशी होती की जन्मभर माणसांच्या छात्या ऐकलेल्या या गृहस्थाला उंदराविषयी काही माहीत नव्हतं. मला तर त्याहून नव्हतं. माझ्या विषयातली कुठलीच वस्तू शिंकत नसे. रेडिओ मात्र आला त्या दिवसापासून शिंकत होता. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पाठ लावून, अंग फुगवून बसायचा आणि बारीक बारीक शिंकायचा. दुसऱ्या दिवशी त्याच्या नाकाशी आणि डोळ्यांच्या कडेला लाल डाग दिसले, आणि मास्तरांचे मेहुणे पांढरेफटक पडले. खोकल्यातून रक्त म्हणजे काय हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार. त्यांनी तत्काळ रेडिओची रवानगी व्हरांड्यात केली, मला नाकावर रुमाल बांधायला लावला, बीजींच्या नातवंडांना कुंपणाशी यायची बंदी केली, आणि कापसाने तो डाग पुसून, काचपट्टीवर घेऊन स्कूटरवरून रुग्णालयात गेले. आपल्या वॉर्डातल्या सगळ्या रोग्यांच्या आधी त्यांनी ती काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली असणार. दुपारी परतले ते वेगळेच होऊन. रुमाल सोड म्हणाले. रक्त नव्हतंच ते. जनावरांच्या विभागात विचारून आले होते. उंदराच्या डोळ्यातलं पाणीच तांबडं असतं. एरवी तो पुसून टाकतो, दिसत नाही. भ्याला किंवा आजारी पडला की पुसायचं सोडतो, मग डाग दिसतात. नव्या जागी आल्यावर थोडे दिवस शिंकाही येतात. "म्हणजे रडतोय तो," मी म्हणालो. ते म्हणाले, "तसं पुस्तकात लिहीत नाहीत. पण हो."

मग हळूहळू आम्ही दोघं रेडिओची भाषा शिकलो. उचलताना चीं केलं तर ती नुसती तक्रार. फिस्स केलं तर हात मागे घ्यायचा. एकदा तो त्यांच्या मांडीवर बसून दात करकरवायला लागला आणि त्याचे डोळे आत-बाहेर थरथरू लागले, तेव्हा यांना वाटलं झटका आला. औषधाची पेटी आणायला मला पळवलं. मी पेटी घेऊन येईपर्यंत रेडिओ तिथेच झोपी गेला होता. तोच प्रकार रोज व्हायला लागला तेव्हा कळलं की सुख झालं की तो असं करतो. त्यानंतर संध्याकाळी रुग्णालयातून आले की ते बूट काढायच्या आधी रेडिओला मांडीवर घेत, नळी त्याच्या पाठीला लावत आणि ती करकर ऐकत डोळे मिटून बसत. त्या वेळी फोन आला तरी घेत नसत.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एक फोन मात्र माझ्यासाठी आला. वडील तालुक्याला जाऊन, पोस्टात तासन्‌तास ताटकळून बोलत होते. फोनवर बोलायची त्यांची पहिलीच वेळ, त्यामुळे शेतात हाक मारावी तसे ओरडत होते. पंजाबातल्या बातम्या पेपरात येत होत्या, मास्तर त्यांना वाचून दाखवत होते. "बाबा, ये माघारी. हितं भाकर हाय. शिक्षण काय, जीव असला तर व्हईल." मला नाही म्हणवेना. खरं सांगायचं तर मीही मनातून घाबरलो होतो, आणि त्यांनी बोलावलं म्हणून मला सुटल्यासारखं झालं. परीक्षा महिन्यावर होती. ती दिली नाही तर वर्ष जाणार, आणि एकदा गावी गेलो की परत कुणी पाठवणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी गाडीचं तिकीट काढलं आणि ट्रंक बांधली. मास्तरांच्या मेहुण्यांनी ऐकून घेतलं आणि "बरं" एवढंच म्हणाले.

गाडीला थोडे दिवस राहिले असताना शहरात संचारबंदी लागली. त्यांना न्यायला रुग्णालयाची गाडी आली आणि ते तिकडेच अडकले. घरात मी आणि रेडिओ. दुसऱ्या दुपारी पाहतो तर रेडिओ पुन्हा कोपऱ्यात, अंग फुगवलेलं, नाकाशी लाल डाग, आणि श्वास घेताना आतून कट्‌ कट्‌ असा आवाज. मी रुग्णालयाच्या एक्सचेंजला फोन लावला. ऑपरेटर बाईंना म्हणालो, डॉक्टरसाहेबांना सांगा, घरी छातीत आवाज येतोय. त्यांनी काळजीने विचारलं, "उमर कितनी है?" मी प्रामाणिकपणे सांगितलं, "जी, पक्का नहीं पता. छह महीने होगी." बाईंनी दुसऱ्या सगळ्या लाइनी तोडून मला वॉर्डात जोडून दिलं.

"रिसीव्हर त्याच्या पाठीला लाव," मास्तरांचे मेहुणे म्हणाले. "तोंडाकडे नको, वायर कुरतडेल." मी एका हातात रेडिओ आणि एका हातात रिसीव्हर धरून उभा राहिलो. बऱ्याच वेळाने फोनमधून बारीक आवाज आला, "आता उजवी बाजू." मी रिसीव्हर उजवीकडे सरकवला. तिकडे त्यांच्यामागे वॉर्ड गजबजलेला ऐकू येत होता. शेवटी त्यांनी सांगितलं की पिंजऱ्यातला लाकडाचा भुसा आधी काढ, त्याची धूळ छातीत जाते. माझं जुनं धोतर फाडून घाल. कपाटातली कॅप्सूल फोड, टाचणीच्या डोक्याएवढी पूड साईत कालवून दे. सकाळ-संध्याकाळ. पुढे कितीतरी दिवस त्या ऑपरेटर बाई त्यांना "बेबी कैसी है?" विचारत राहिल्या, आणि हेही गंभीरपणे "मलाई ले रही है, वजन बढा है" असं सांगत राहिले.

संचारबंदी उठली तेव्हा ते घरी आले. डोळे खोल गेले होते.  अंघोळ करून रेडिओची छाती ऐकली. कट्‌ कट्‌ कमी झाली होती, पण गेली नव्हती. माझी गाडी दुसऱ्या दिवशी होती. जेवताना मी विचारलं की औषध अजून किती दिवस द्यावं लागेल.  माझ्याकडे बघत म्हणाले, "तू हल्ली जेवताना पाठ भिंतीला लावून बसतोस. अर्धी पोळी ठेवतोस. आला तेव्हा रेडिओ असाच बसायचा."

मी ठेवलेली अर्धी पोळी पुन्हा हातात घेतली.

"औषध मध्येच सोडणारे दोन प्रकारचे असतात," ते म्हणाले. "एक, बरं वाटलं म्हणून सोडतात. दुसरे, घाबरून सोडतात. दुसऱ्यांच्या मागे मी जास्त लांब जातो." मग पाणी प्यायले. "तुझ्या गावापर्यंत यायचं म्हणजे फार लांब पडेल रे. स्कूटर जुनी आहे."

मी दुसऱ्या दिवशी स्टेशनवर गेलो नाही. वडिलांना काय सांगायचं हा प्रश्न होता, तोही त्यांनीच सोडवला; मास्तरांना तार करून वडिलांना तालुक्याच्या पोस्टात बोलावून घेतलं आणि तिथं फोन लावून सांगितलं की तुमच्या मुलाची छाती मी रोज ऐकतो, तो ठणठणीत आहे, परीक्षा झाली की पाठवतो. वडिलांनी डॉक्टरचा शब्द मानला. रोज ऐकतो हे मात्र खोटं होतं. त्या दिवसापासून त्यांनी ते खरं करायला घेतलं. आधी रेडिओ, मग मी, अशी संध्याकाळी आमची रांग असे. परीक्षा झाली, मी गावी जाऊन आलो, आणि परतही आलो.

रेडिओ पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यापर्यंत जगला. उंदराच्या मानाने ते म्हातारपणच. शेवटी मागचे पाय ओढत चालायचा, पण मांडीवर घेतलं की दात करकरवायचा. एका दुपारी धोतराच्या तुकड्यात झोपला तो उठला नाही. त्यांनी नळी लावून खूप वेळ ऐकलं, आमच्या कुणापेक्षाही जास्त वेळ, आणि मग ती गळ्यातून काढून खुंटीला अडकवली. बीजींनी आपल्या लिंबाच्या झाडाखाली जागा दिली. आयुष्यात त्याला हात न लावलेल्या बीजींनी त्या मातीवर पराठ्याचा तुकडा ठेवला, आणि कुणी पाहिलं नाही असं समजून ओढणीचं टोक डोळ्याला लावलं.

माझं शिक्षण पूर्ण झालं तेव्हा सतरा सेक्टरच्या बसस्टँडवर ते मला पोचवायला आले. कर्ण्यावर तीच सूचना चालू होती. त्यांनी माझी ट्रंक टपावर चढवून घेतली, कंडक्टरला दोनदा बजावलं, आणि मग म्हणाले, "खोकून दाखव." मी खोकलो. "ठीक आहे," म्हणाले. त्यांच्या डोळ्यांच्या कडा लाल झाल्या होत्या. मी बघतोय हे लक्षात येताच त्यांनी रुमाल काढला आणि इथे धूळ फार, असं म्हणत तोंड फिरवून खोकले. त्यांच्याजवळ राहून मला फारसं काही आलं नाही, पण एवढं तरी कळायला लागलं होतं. तो खोकला छातीतला नव्हता.