काट्याची भीती आणि घाबरट मिस्त्री

डोंबिवलीच्या मानपाड्याला एक मिस्त्री होता. आता गॅरेज बंद करून गावाला गेला. त्याच्याइतका भित्रा माणूस मी जन्मात पाहिला नाही. तापलेली गाडी आली की हा दोन हात लांब उभा. बॉनेटला उलटा हात लावून बघायचा, पोराचा ताप बघावा तसा. गार झाल्याशिवाय रेडिएटरचं झाकण उघडायचा नाही. कधीतरी वाफेनं कोपरापर्यंत भाजलेला. गिऱ्हाईक ओरडलं तर म्हणायचा, "घाई असेल तर दुसरीकडे न्या. मला भीती वाटते."

भीती मलाही होती. बायकोच्या किडन्या गेलेल्या. एक दिवसाआड डायलिसिसला तिला ठाण्याला घोडबंदर रोडवर न्यायचो. एक खेप चुकली की छातीत पाणी भरायचं, तिला आडवं होता यायचं नाही. आणि नेमकी तेव्हाच गाडी तापायला लागली. ट्रॅफिकमध्ये अडकलो की इंजिनच्या तापमानाचा काटा वर. मी रस्त्याकडे कमी आणि काट्याकडे जास्त बघायचो. एकदा भर रस्त्यात इंजिन बंद करावं लागलं. पुढे वाफ, मागे तिची धाप. म्हणाली, "अहो, पोचू ना आपण?" मी काट्याकडेच बघत होतो.

एकाने थर्मोस्टॅट बदलला, दुसऱ्याने पाण्याचा पंप. गाडी तशीच. मग मिस्त्रीकडे गेलो. त्याने गाडीला हात लावला नाही, नुसते प्रश्न.

"काका, चालतीला तापते की उभीला?"

"उभीला."

"एसी लावला की?"

"जास्तच."

"मग मी सोबत येतो. बघितल्याशिवाय सांगायची मला भीती वाटते."

डायलिसिसच्या पुढच्या खेपेला बायको मागे बसली आणि हा माझ्या बाजूला, दाराची मूठ घट्ट धरून.

ठाण्यात कापूरबावडीच्या सिग्नलला अडकलो. काटा चढायला लागला. मिस्त्री म्हणाला, "हीटर लावा."

बाहेर आग ओकणारं ऊन! मी खेकसलो, "माणसं मारतोस काय?"

"इंजिनची गरमी आत येऊ दे, तेवढाच काटा उतरेल. काकी, माफ करा."

घामाने भिजलेली बायको मागून म्हणाली, "मिस्त्री, एवढे घाबरता, तर बोहल्यावर कसे उभे राहिलात?"

"डोळे मिटून, काकी."

तशातही ती हसली. काटा जरा उतरला, आम्ही पोचलो.

तिला आत सोडून आलो तर मिस्त्री चालू गाडीपुढे वाकलेला. मी म्हटलं, "पंखा तर फिरतोय."

"फिरतोय, पण हवा ओढतोय का?" त्याने पुढच्या जाळीवर कागदाचा कपटा धरला. हवा आत जात असती तर तो चिकटला असता. घसरून खाली पडला.

दुसऱ्या दिवशी आमच्या बिल्डिंगखालीच त्याने गाडीचा पुढचा भाग खोलला. एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत झेंडूच्या पाकळ्या. सुकून, दबून गोधडीसारख्या बसलेल्या. दर दसऱ्याला बायको गाडीला हार घालायची आणि कुणाला काढू द्यायची नाही. "आपण होऊन गळू दे," म्हणायची. गळत होता, पण आत.

ती बघत राहिली. "म्हणजे माझी वाट मीच अडवून बसले होते?"

मिस्त्री कावराबावरा झाला. पाकळ्या गटारात टाकायचीही त्याला भीती. वर्तमानपत्रात गोळा करून म्हणाला, "काकी, देवाची फुलं आहेत. कुठे सोडू?"

"घाला त्या समोरच्या झाडाला," ती म्हणाली. "आणि चहा घ्या आधी."

त्यानंतर गाडी तापली नाही. माझी नजर मात्र काट्यावरून कधी हटली नाही.

एका सकाळी ती त्याच गाडीतून गेली, ती परत आली नाही. मशीनवर असतानाच हृदय बंद पडलं.

मिस्त्री घरी आला, पण उंबऱ्याबाहेरच उभा. आत ये म्हटलं तरी येईना. तिथूनच म्हणाला, "काका, त्या दिवशी गाडी... वाटेत कुठे..."

"नाही रे. वेळेत पोचलो. आपल्या पायांनी उतरली ती."

तो तिथेच जिन्याच्या पायरीवर बसला आणि ढसाढसा रडला. मी शेजारी जाऊन बसलो. तोवर मला रडू आलं नव्हतं.