लीलाबाईंनी थांबवलेले गाऱ्हाणे

मी, रघुनाथ सोमा परब, वय वर्षे एक्क्याऐंशी, राहणार हळर्ण, तालुका पेडणे, व्यवसाय शेती, शिक्षण मराठी चौथी उत्तीर्ण, येथे असे नमूद करतो की, देवळात माझे गाऱ्हाणे आजवर एकाच व्यक्तीने मध्येच थांबवले.

ती व्यक्ती काल गेली.

मये येथील लीलाबाई वायंगणकर. निवृत्त शिक्षिका. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील मुलामुलींना त्या एक वर्षासाठी परदेशात सेवेला पाठवीत. कोणी वृद्धाश्रमात, कोणी अपंग मुलांच्या शाळेत, कोणी शेतावर. राहणे-जेवणे तेथील संस्थेकडे. तिकडचे तरुणही असेच आपल्याकडे येत.

पासपोर्ट, विझा, विमा, सगळे बाई स्वतः पाहत. पण मुलाची निवड मात्र एकाच प्रश्नावर करीत.

माझी नात दीक्षा हिला त्यांनी आमच्याच ओसरीवर विचारले, "परक्याच्या घरात आमटी अळणी लागली, तर कितें करतलें गो?"

दीक्षा म्हणाली, "त्या दिसा जेवन. दुसऱ्या दिसा हांवच रांधीन."

बाई उठल्या, छत्री घेतली आणि म्हणाल्या, "पासपोर्टाक फोटो काढून दवर."

जर्मनीतील एका गावात वृद्धाश्रम ठरला. माझा मुलगा उमेश याने वाड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीत, पेढे वाटले आणि मुलीला परदेशात नोकरी लागल्याचे सांगितले. यात त्याची चूक मी मानत नाही. आमच्या भागातला माणूस आखातात जातो, बोटीवर जातो. परदेश म्हणजे पगार, हेच आम्ही पाहिलेले.

निघण्याच्या दिवशी ग्रामदेवाच्या देवळात सगळे जमले. गाऱ्हाणे म्हणजे देवाकडे सर्वांसमक्ष मोठ्याने केलेले मागणे. ते घालण्याचा मान आमच्या घराचा. मी मागायचे आणि जमलेल्या पुरुषांनी "होय म्हाराजा" म्हणून होकार द्यायचा. होकार नसेल तर मागणे देवापर्यंत पोहोचत नाही. आणि एकदा हातात घेतलेला नारळ तसाच खाली ठेवता येत नाही.

मी नारळ घेतला.

"बा देवा म्हाराजा, ह्या परबाच्या घरातला चेडू, रघुनाथाची नात, आज परदेशात जाता. तेका बरी नोकरी दी रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"मोठो पगार दी रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"तेच्या बापाशीच्या घरार स्लॅब पडांदे रे म्हाराजा."

"होय म्हा..."

"भाऊ, रावात," बाई मागून म्हणाल्या. "तेका पगार ना."

देवळात असे कधी झाले नव्हते. पुजारीसुद्धा घंटेची दोरी धरून उभा राहिला.

"थंयच्या म्हाताऱ्यांका जेवण भरवप, न्हाणोवप, तांच्या लागीं बसप. ह्या काम. नाका जाल्यार आताच सांगात, चेडू घरा ऱ्हवतला. पण देवाक खोटा सांगू नकात."

शेजारचा गुणाजी म्हणाला, "म्हातारेच न्हाणोवपाचे जाल्यार ह्या रघुनाथाक न्हाणय गो. विमान कित्याक?"

सगळे हसले. दीक्षा हसली नाही.

मी तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, "पगार ना म्हूण हांवें तुका सांगिल्लें, आजो. तूंच म्हणिल्लें, सुरवातीक कोणाकच मेळना."

बाहेर विमानतळावर जायची गाडी उभी होती. उमेश खाली मान घालून होता. मी नाही म्हटले असते तर मुलगी गाडीतून बॅग उतरवून मुकाट्याने घरी आली असती. तिची तशी तयारी मला तिच्या चेहऱ्यावर दिसली, आणि तीच मला सहन झाली नाही.

हातातला नारळ मी पुन्हा देवापुढे धरला.

"बा देवा म्हाराजा, आदीचा मागणा सोडून दी. ह्या चेडू पगाराक जायना. परक्या म्हाताऱ्यांका न्हाणूक, भरवूक जाता. तेंका तेच्या हातान सुख मेळांदे रे म्हाराजा."

कोणीही होकार दिला नाही.

मग खांबाआडून आवाज आला. "होय म्हाराजा."

माझ्या थोरल्या भावाची पत्नी, जानकीवहिनी. अंथरुणाला खिळलेल्या माझ्या भावाचे सारे तिने अनेक वर्षे एकटीने केले होते. बायकांनी होकार देण्याची आमच्याकडे रीत नाही. पण तिला अडवण्याची कोणाची छाती झाली नाही.

गुणाजी घसा खाकरून म्हणाला, "होय म्हाराजा." मग सगळे. इतका मोठा होकार त्या देवळाने ऐकला नसेल.

दीक्षा गेली.

व्हिडिओ कॉलवर तिने आम्हाला वृद्धाश्रमातील आजी दाखवल्या. तिने रांधलेली पेज त्या लोणच्याशिवाय मागत. मी उमेशला म्हटले, लोणचे पाठव. माणसांना अर्धे जेवण देऊ नये.

त्यानंतर वाड्यावरची आणखी मुले गेली. आता कोणी "पगार कितलो" असे विचारत नाही. "कोणागेर गेलां", म्हणजे कोणाच्या घरी गेले, असे विचारतात.

गेले काही महिने बाई अंथरुणावर होत्या. मूलबाळ नव्हते. वर्ष पुरे करून केव्हाच परतलेली दीक्षा कोणी न सांगता मये येथे त्यांच्याकडे राहायला गेली. मी भेटायला गेलो त्या दिवशी ती त्यांना न्हाऊ घालून केस विंचरत होती.

बाई म्हणाल्या, "जर्मनीतयो अशेंच ओडताली गो केंस?"

"थंयच्यो आजयो उगी बसताल्यो, बाई."

दोघी हसत होत्या. मला बसायला कोणीही सांगितले नाही. मी उभा राहून पाहत राहिलो आणि मला फार बरे वाटले.

लीलाबाई, हळर्णच्या परब कुटुंबाचा आपणास मानाचा अखेरचा नमस्कार.

वरील मजकूर खरा आहे. त्या दिवशी देवळात समक्ष हजर असलेले साक्षीदार:

उमेश रघुनाथ परब, मुलगा.
गुणाजी, शेजारी.
जानकी परब, वहिनी.
दीक्षा उमेश परब, नात. बाईंनी निवडलेल्या मये येथील दोन मुलींना पुढच्या आठवड्यात विमानतळावर सोडायला हीच जाणार आहे.