झालं म्हटल्यावर निघणारा फोटो

अनिताआत्यांना बसलेलं पाहिलेला माणूस वालचंदनगरात सापडणं कठीण. पंगतीत त्या वाढायला उभ्या असतात, भजनाला गेल्या तर सतरंजी झटकत असतात, आणि त्यांचे यजमान विजयसिंहराव तर सांगतात की स्वतःच्या लग्नात अक्षता पडत असतानासुद्धा ह्यांचं लक्ष मंडपाच्या सैल दोरीकडे होतं. अशा बाईच्या हातात कॅमेरा देणं म्हणजे वासराच्या गळ्यात पाण्याची घागर बांधून त्याला सोडून देणं.

पण दिला खरा. दहा-बारा वर्षांपूर्वी कारखान्याच्या क्वार्टरमधल्या हळदीकुंकवाला चिठ्ठ्या काढल्या, त्यात पहिलं बक्षीस आत्यांना लागलं. चांदीच्या रंगाचा, साबणाच्या वडीएवढा कॅमेरा. दोन पेन्सिल सेलवर चालणारा. सेलच्या जागेचं झाकण पहिल्याच वर्षी तुटलं, तेव्हापासून त्याला रबर लावलेलं असतं. नवे सेल घातले तर पंधरा-वीस फोटो निघतात, मग कॅमेरा गोगलगायीसारखं नाक आत ओढून घेतो आणि गप्प होतो. फ्लॅशला अक्कल नाही. मनात येईल तेव्हा पेटतो. त्याच्यावर आत्यांनी औषधाची चिकटपट्टी लावून टाकली आहे.

या कॅमेऱ्याची मोठी खोड अशी की बटण दाबलं की तो आधी विचार करतो. चांगला सेकंदभर करतो. आत्या तसलं काही करत नाहीत. त्या बटण दाबतात आणि दाबतादाबताच "झालं" म्हणतात. झालेलं नसतं. पण समोरच्या माणसाला ते काय माहीत? तो कोंडलेला श्वास सोडतो, खांदे खाली टाकतो, कुणाकडे तरी बघून ओशाळं हसतो, आणि नेमका त्या घटकेला कॅमेऱ्याचा विचार पुरा होतो. म्हणून शेळगावापासून भवानीनगरापर्यंत लोक म्हणतात, आत्यांच्या फोटोत माणूस त्याच्यासारखा दिसतो. आत्या ही आपल्या हाताची कला समजतात. निम्मी कला त्यांच्या घाईची आहे आणि निम्मी कॅमेऱ्याच्या आळसाची, पण हे त्यांना सांगायला अजून कुणी धजावलेलं नाही.

आणि फोटो कुणाचे, तर लग्नाच्या पोरांचे. पूर्वी पोरींचे फोटो गावोगाव फिरायचे, आता पाळी पोरांवर आली आहे. ऊस आहे, पेरूची बाग आहे, शेडनेट आहे, दारात ट्रॅक्टर आहे, आणि ट्रॅक्टरवर बसलेला मुलगा चौतीस वर्षांचा आहे. शेळगाव हे आत्यांचं माहेर, त्यामुळे गावातली सगळी बिनलग्नाची पोरं त्यांची भाचरंच. त्यातला सख्खा भाचा यशराज. कष्टाळू, निर्व्यसनी, ढोबळी मिरचीतला जाणकार आणि डोक्यानं पार गुळगुळीत.

त्या डोक्याची एक कहाणी आहे. दोन वर्षांपूर्वी मित्रांनी यशराजच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लावला. फ्लेक्स करणाऱ्याला वरची जागा मोकळी वाटली, म्हणून त्यानं आदल्या महिन्यातल्या फ्लेक्सवरचे दिग्विजयचे केस उचलून यशराजला बसवले. दिग्विजय हा यशराजचा चुलतभाऊ. रंगूबाईंना, म्हणजे यशराजच्या आईला, तो फोटो असा काही आवडला की तोच स्थळांना जाऊ लागला. एकदा बारामतीकडची मंडळी बघायला आली. यशराज टोपी घालून कोपऱ्यात उभा, आणि पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आला दिग्विजय, ते केस घेऊन. फ्लेक्सवर चेहरे इतके घासूनपुसून काढलेले असतात की चुलतभावांत फरक उरतो तो केसांचाच. मंडळींनी केस ओळखले. जमीन किती, शिक्षण किती, सगळं दिग्विजयला विचारलं. कुणीतरी खुलासा करेपर्यंत पोरीला तोच पसंत पडला होता. तीन महिन्यांनी लग्न झालं. यशराजनं पंगतीत मठ्ठा वाढला. केस ज्याचे बायको त्याची, यात अन्याय कुठं आहे, असं तो स्वतःच म्हणतो. पण त्या दिवसापासून बियाण्याच्या कंपनीची ती निळी टोपी त्याच्या डोक्यावरून हललेली नाही.

आणि आज दुपारी आत्यांना प्रगतीचा फोन आला. प्रगती ही शेजारणीची भाची, इंदापूरला एका मेडिकलमध्ये काम करते. यशराजचा बायोडाटा, तोच फ्लेक्सवरचा फोटो लावलेला, तिच्याकडे आठवडाभर पडून होता.

"काकू, फ्लेक्सवरचा फोटो नको," ती म्हणाली. "मोबाईलचाही नको, त्यात सगळीच पोरं पिठात लोळून आल्यासारखी दिसतात. तुमच्या त्या डब्यावर काढा. उजेडात, डोक्यावर काही न घालता. उद्या सकाळी बारामतीची माणसं येतायत मला बघायला. वडिलांना आज काहीतरी सांगावं लागेल. सहापर्यंत मी दुकानात आहे, तोवर पाठवा."

आत्यांनी फोन ठेवायच्या आधीच चपला घातल्या होत्या. स्टँडवरच्या टपरीत मिळाले ते सेल घेतले आणि स्कूटी शेळगावच्या रस्त्याला लागली. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांना त्या अशा हॉर्न देत होत्या की जणू ऊस त्यांच्याच फोटोसाठी आडवा आला आहे.

यशराज शेडनेटमध्ये मिरचीला दोरी बांधत होता.

"टोपी काढ," आत्या म्हणाल्या.

"आत्या, आधी पाणी तरी पी."

"पाणी नको. सहाच्या आत फोटो जायला पायजे. इंदापूरची पोरगी हाय, तिला बिनटोपीचा बघायचाय."

यशराजनं दोरी सोडली. "बिनटोपीचा बघून पुढं काय व्हणार हाय ते मला म्हाईत हाय."

"काय व्हणार?"

"मठ्ठा वाढायला बोलावत्याल."

रंगूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "वन्सं, टोपी राहू द्या की. टोपीत माझा पोरगा राजबिंडा दिसतो."

"वहिनी, टोपीचं लगीन न्हाय लावायचं."

यशराजनं हळूच टोपी काढली आणि मुठीत धरली. आत्यांनी जागच्या जागी, शेडनेटमध्येच, बटण दाबलं. "झालं." फोटो बघितला तर पोरगा गळ्यापासून टाळूपर्यंत हिरवा. वरच्या हिरव्या जाळीचा उजेड सगळा त्याच्या डोक्यानं झेलला होता.

"कारलं दिसतंय," आत्या म्हणाल्या. "भाईर चल."

बाहेर साडेचारचं ऊन होतं. यशराज शेततळ्याच्या कडेला उभा राहिला, डोळे बारीक, जबडा घट्ट, हात मांड्यांना चिकटलेले. वीजमंडळानं पुरलेला खांबसुद्धा याहून मोकळा उभा असतो. आत्यांनी बटण दाबलं. "झालं."

झालं म्हणताक्षणी यशराजचा हात वर गेला. कॅमेऱ्याचा विचार पुरा झाला तेव्हा टोपी डोक्यावर परत बसली होती.

"मी काढ म्हणले हुते."

"काढली हुती की. तूच झालं म्हणलीस."

दुसऱ्या फोटोतही टोपी. तिसऱ्यात टोपी आणि कोपर. चौथ्या वेळी आत्यांनी मनाशी ठरवलं की झालं म्हणायचंच नाही. ओठ दाबून धरले, बटण दाबलं, आणि ते एक सेकंद त्यांना इतकं लांबलं की त्या पुढे सरकल्या. फोटोत फक्त शेततळं आलं, तेही तिरपं.

"टोपी आईकडं दे," आत्या म्हणाल्या.

यशराजनं टोपी आईकडे दिली. मग तर बघायलाच नको. मोकळे हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना, चेहरा असा झाला की जणू त्याला पोलीस पाटलासमोर उभं केलंय. आत्या झालं म्हणाल्या तरी तो तसाच. पाच फोटो, पाचही आधारकार्डावर शोभतील असे. आत्यांना हे नवीन होतं. झालं म्हटल्यावर माणूस सुटायला पाहिजे. हा सुटत नव्हता, कारण त्याच्यासाठी काही झालेलंच नव्हतं. टोपी आईच्या हातात होती.

सव्वापाच झाले. कॅमेऱ्याच्या काचेवर सेलची लाल खूण टिमटिमू लागली. आत्या तळ्याला फेऱ्या मारू लागल्या.

"वन्सं, घडीभर बसा," रंगूबाई म्हणाल्या.

"बसू कुठनं, फेरी व्हायचीय अजून," आत्या म्हणाल्या आणि मग एकदम थांबून म्हणाल्या, "वहिनी, त्याची टोपी द्या त्याला."

"आता गं?" यशराज म्हणाला.

"राहू दे. न्हाय जमत. तू तुझी टोपी घाल, मी तिला न्हाय म्हणून कळवते."

हे त्या खरंच वैतागून म्हणाल्या की डाव टाकून, हे नंतर त्यांनाही नक्की सांगता येत नव्हतं. पण यशराजनं टोपी घेतली, आणि आत्यांचं बोट, त्यांच्या स्वभावाप्रमाणे, रिकामं नव्हतं. बटण दाबलं गेलं. "झालं," त्या सवयीनं म्हणाल्या. कॅमेऱ्यानं विचार केला, फोटो काढला, नाक आत ओढलं आणि विझला.

आत्यांनी रबर काढलं, कार्ड काढलं, चिमुकल्या रीडरमधून ते मोबाईलला लावलं. तिघांनी डोकी एकत्र करून बघितलं. उन्हाची तिरीप एका गालावर. डोकं पूर्ण उघडं, चकचकीत. टोपी हातात, कानापर्यंत आलेली. आणि चेहऱ्यावर एक असं हसू, जे सुटल्याच्या आनंदाचं होतं आणि थोडं खट्टूही.

"ह्यो नको," यशराज म्हणाला. "उद्या सेल आणू चांगले, परत—"

"गेला," आत्या म्हणाल्या.

"कुठं गेला?"

"इंदापूरला."

यशराज तळ्याच्या बांधावर जाऊन पाठमोरा उभा राहिला. साडेपाच. मोबाईलवर दोन निळ्या खुणा उमटल्या. म्हणजे बघितला. पुढे काही नाही. आत्यांनी मोबाईल पुसला, पुन्हा बघितला, मिरचीच्या एका झाडाची दोरी सोडून पुन्हा बांधली. पावणेसहा. आत्यांच्या डोक्यात बारामतीची माणसं उद्याच्या पोह्यांना बसलीसुद्धा होती. रंगूबाई पुटपुटल्या, "त्या फ्लेक्सवाल्याला सांगून वरचं तेवढं नीट करून घेतलं असतं." आत्यांनी आणखी एक दोरी सोडली.

मग मोबाईल वाजला. प्रगतीचा निरोप होता, एकच ओळ: टोपी घालतायत की काढतायत?

"काढतोय म्हणून लिवते," आत्या म्हणाल्या आणि टाइप करायला लागल्या. "तिची इच्छा तर तीच हुती. काढतोयच म्हणायचं, न्हायतर पोरगी म्हणंल..."

यशराजनं त्यांच्या हातातला मोबाईल काढून घेतला. लिहिलं काही नाही. सरळ फोन लावला आणि चार पावलं लांब गेला. चार पावलं म्हणजे आत्यांना काहीच नाही. त्या तीन पावलांवर जाऊन उभ्या राहिल्या. पण ऐकू येत होता तो फक्त यशराज.

"हॅलो, यशराज बोलतोय. व्हय, फोटोतला." मग तो थांबला. "घालत होतो." पुन्हा थांबला. "न्हाय, काढलेली हुती, पण फोटो झाला असं वाटलं म्हणून घालायला लागलो. आत्या आधीच झालं म्हणती."

आत्यांनी कपाळाला हात लावला.

"दोन वर्षं झाली. एक स्थळ मोडलं, तवापसनं," यशराज म्हणाला. मग बराच वेळ नुसता ऐकत राहिला. "वय चौतीस. न्हाय, बायोडाट्यात बत्तीस हाय, बरोबर. ते आत्यानं लिवलंय."

"मेल्या," आत्या हळूच म्हणाल्या.

"अजून एकच. उंची. एक इंच जास्त लिवलीय. ते पण आत्यानंच." आणि मग यशराज हसला. खांदे सोडून, टाळूपर्यंत. "बरं. व्हय. सांगतो."

फोन बंद झाला. टोपी त्याच्या दुसऱ्या हातात चुरगळली होती.

"काय म्हणाली?" दोघी एकदम.

"वडिलांना सांगून बारामतीवाल्यांना येऊ नका म्हणून कळवती म्हणाली. रविवारी आपल्याला बोलावलंय."

"आणि टोपीचं?" आत्यांनी विचारलं.

"म्हणाली, दुपारचं ऊन फार असतं इंदापूरला, येताना घालून या. घरात आल्यावर काढा."

रंगूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. आत्या स्कूटीची किल्ली शोधू लागल्या, शोधता शोधता थांबल्या.

"रविवारी किती वाजता?"

यशराजनं मान खाजवली. "ते इचारायचं राह्यलं."

"मग लाव परत फोन," आत्या म्हणाल्या. "अजून सहा वाजले न्हाईत."

त्यांचं वाक्य संपायच्या आधीच त्यानं फोन लावला होता.