काउंटर दामूने काढला

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. दामू पाटील गेल्याचा फोन आला तेव्हा आमच्या कंपनीच्या इतिहासाचं गुळगुळीत पुस्तक माझ्या हातात होतं. देशभर स्वस्त दुकानं कशी उभी राहिली, याची ती कहाणी. त्यात लिहिलंय की, गिऱ्हाइकाला मालाला हात लावू द्यायची कल्पना मालकांना सुचली. खोटं आहे ते.

माणिकपूरला एका गाळ्यात आमचं पहिलं दुकान होतं. मालकांना आम्ही शेठ म्हणायचो. मी गोदाम बघायचो, आणि कामणचा शेतकरी दामू तांदूळ. वर्षाचा तांदूळ भरायला आलेल्या बायका नमुना मागून मागून थकायच्या. एक दिवस दामूने काउंटरची फळी उचलून भिंतीला टेकवली.

"शेठ, बाई दाना चावल्याबिगर तांदूळ घेत नाय. घालू दे हात गोनीत."

"आणि सांडला तर?"

"मी झाडीन. तुमी फक्त गल्ल्यावरनं उठू नका, तेवढं तुमाला जमतंय."

शेठसुद्धा हसले. पुढे बायका डाळ, साबण, सगळंच स्वतः उचलू लागल्या. माणसं कमी लागली, भाव उतरले, एव्हरशाईन सिटीत दुसरं दुकान निघालं... आणि मग राज्याबाहेर.

त्या दुसऱ्या दुकानाच्या वेळी जुना तांदूळ कमी पडला. शेठ मला म्हणाले, "राणे, नव्याच्या गोण्या जुन्यात लाव, तोंडाशी तेवढा जुना टाक. शिजल्याशिवाय कोणाला कळतंय?" मी लावल्या. दामू त्या दिवशी भातकापणीला गावी गेला होता. आठवड्याभरात बायका चिकट भाताचे गोळे डब्यात घेऊन दारात उभ्या राहिल्या. शेठनी सगळ्यांसमोर विचारलं, "तांदूळ कोण बघतो?" मी म्हणालो, "दामू."

दामू तिथेच होता; त्याने माझ्याकडे बघितलं आणि दुकानाची पायरी उतरला. दुकान सुटलंच, गावातही लोक विचारायचे, "काय दामूशेठ, नवा का जुना?" भाताच्या घरात जन्मलेल्या माणसाला याहून मोठी शिवी नसते. मी मात्र मॅनेजर होऊन निवृत्त झालो.

शेठ, तुम्ही हे वाचाल. मुलाखतींत तुम्ही दामूची गोष्ट स्वतःची म्हणून सांगता. आता तुमच्या नातवंडांनी तुम्हाला विचारावं, अशी माझी इच्छा आहे. मलाही कोणी सोडू नये.

गेल्या वर्षी मी कामणला गेलो होतो. दामू खाटेवर होता. मी म्हणालो, "दामू, त्या गोण्या..."

"रानेभाऊ, आधी जेवा," तो म्हणाला. वहिनींनी पान वाढलं. मी जेवलो, हात धुतले आणि रिक्षा आली म्हणून उठलो. त्याची बायको-मुलं तिथेच बसली होती. त्यांच्यासमोर म्हणायचं होतं ते एवढंच: दामू, गोण्या मी बदलल्या. तांदूळ ओळखायला तू कधीच चुकला नाहीस. मला माफ कर.